टपालाने आलेली मते

‘द गेट्स अजार’ ही छोटी कादंबरी १८६८ साली बॉस्टनमध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्याविषयीची मते दोन वाटांनी येऊ लागली. एक वाट छापखान्याची. धार्मिक नियतकालिकांनी तिच्यावर पाखंडाचा आरोप ठेवला. मरणोत्तर जीवनाविषयी इतक्या धिटाईने बोलणारी ही चोवीस वर्षांची मुलगी कोण, असा एकूण सूर होता. दुसरी वाट टपालाची. ज्यांच्या घरातले कुणी गेले होते अशा माणसांची पत्रे लेखिकेच्या घरी येऊ लागली आणि ती वर्षानुवर्षे येत राहिली. परीक्षण लिहिणाऱ्यांना पुस्तकातला स्वर्ग शास्त्राला धरून आहे का, हे तपासायचे होते. पत्र लिहिणाऱ्यांना आजची रात्र कशी काढायची, हे विचारायचे होते.

ही प्रस्तावना मुख्यतः त्या दुसऱ्या वाटेने आलेल्या मतांविषयी आहे. शोकात असलेल्या वाचकाचे मत आपण साहित्यविचारात सहसा धरत नाही. दुःखाने डोळे भरलेल्या माणसाला पुस्तक कुठून नीट दिसणार, असे आपण गृहीत धरतो. या कादंबरीच्या बाबतीत मला नेमके उलटे वाटते. तिचे सर्वांत अचूक वाचन त्या वाचकांनी केले. पुस्तकात नवे काय आहे ते त्यांना आधी कळले आणि पंडितांच्या नजरेतून ते बराच काळ सुटले.

एलिझाबेथ स्टुअर्ट फेल्प्स हिचा जन्म १८४४ चा. वाढली मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या अँडोव्हर या टेकडीवरच्या गावात. वडील ऑस्टिन फेल्प्स तिथल्या धर्मविद्यालयात प्रवचनशास्त्र शिकवत. आईचे वडील मोझेस स्टुअर्ट हे त्याच विद्यालयातले हिब्रूचे नामांकित पंडित. आईदेखील लेखिका होती, पण मुलगी आठ वर्षांची असताना, १८५२ मध्ये, ती गेली. मुलीचे पाळण्यातले नाव मेरी ग्रे. तिने पुढे आईचे नाव स्वतःला घेतले आणि आयुष्यभर त्याच नावाने लिहिले. मृत व्यक्तीशी नाते चालू ठेवण्याचा हा तिचा पहिला प्रयत्न म्हणता येईल.

अँडोव्हर हे गाव मराठी वाचकाला वाटते तितके परके नाही. तिथल्याच विद्यार्थ्यांच्या आग्रहातून १८१० मध्ये अमेरिकन मिशन बोर्डाची स्थापना झाली. त्या बोर्डाने पाठवलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले, आणि पुढे ‘अमेरिकन मराठी मिशन’ म्हणून जे काम उभे राहिले त्याची मुळे त्या टेकडीपर्यंत जातात. अहमदनगरमध्ये १८४२ साली सुरू झालेला ‘ज्ञानोदय’ याच मिशनचा. म्हणजे ज्या धर्मविचाराने आपल्याकडे शाळा काढल्या, छापखाने चालवले आणि वाद घातले, त्याच धर्मविचाराच्या घरात वाढलेली मुलगी इथे आपल्याच वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारते आहे. आपल्याकडे त्या पंथाचे आत्मविश्वासाने बोलणारे रूप आले. त्याच्या स्वतःच्या घरात मरण आल्यावर त्याची काय अवस्था झाली, ते या कादंबरीत दिसते.

अवस्था बिकट होती. न्यू इंग्लंडच्या कॅल्व्हिनपंथी शिकवणीत स्वर्ग म्हणजे अखंड ईशस्तवन. शुभ्र वस्त्रे, वीणा, सिंहासनासमोर न संपणारी प्रार्थना. तिथे गेलेला मुलगा आईला ओळखेल का, याचे उत्तर प्रवचनकार चाचरत देत. त्याहून कठीण गोष्ट अशी, की ज्याने आपल्या उद्धाराची रीतसर साक्ष दिली नाही, त्याच्याविषयी आशा धरणेही धाडसाचे मानले जाई. हे केवळ पुस्तकी नव्हते. ‘अंकल टॉम्स केबिन’ लिहिणारी हॅरिएट बीचर स्टो काही वर्षे याच अँडोव्हरमध्ये राहत होती. तिचा मुलगा हेन्री १८५७ मध्ये नदीत बुडून गेला तेव्हा त्याच्या आत्म्याचे काय झाले असेल, या विचाराने त्या माउलीला घेरले. त्या घालमेलीतून तिने पुढे ‘द मिनिस्टर्स वूइंग’ ही कादंबरी लिहिली.

आणि मग युद्ध आले. १८६१ ते १८६५ या चार वर्षांत अमेरिकेच्या यादवी युद्धात सुमारे सहा लाख वीस हजार सैनिक मेले. अलीकडचे संशोधक हा आकडा साडेसात लाखांपर्यंत नेतात. लोकसंख्येच्या मानाने शंभरात दोन माणसे. एकट्या अँटिएटमच्या लढाईत, १७ सप्टेंबर १८६२ या एका दिवसात, मेलेले, जखमी आणि बेपत्ता धरून तेवीस हजारांच्या आसपास माणसे गेली. पण हा आकड्यांचा शोक नव्हता, तो रिकाम्या हातांचा शोक होता. सैनिकाच्या गळ्यात ओळखपट्टी नसे. घरच्यांना कळवण्याची सरकारी व्यवस्था कोणत्याच बाजूकडे नव्हती. सोबत्याने पत्र लिहिले तर लिहिले, नाहीतर वर्तमानपत्रातल्या याद्या चाळायच्या. हजारो देह अनोळखी म्हणून पुरले गेले. शेवटचे पाणी पाजता आले नाही, शेवटचा शब्द ऐकता आला नाही, कबर कुठे आहे तेही ठाऊक नाही, अशा आया, बहिणी आणि वाग्दत्त वधू गावोगावी होत्या. फेल्प्सचाही एक तरुण लेफ्टनंट याच युद्धात गेला. ज्यांना युद्धाविषयी कुणी काही विचारले नव्हते आणि जे झाले ते ज्यांनी भोगले, त्या स्त्रियांसाठी हे पुस्तक लिहिले, असे तिने १८९६ च्या आत्मचरित्रात नोंदवले आहे.

लेखन तिने १८६४ मध्ये, विशीत सुरू केले. घरात एकांत नव्हता. थंडीत न तापवलेल्या खोलीत, आईची जुनी फरची केप अंगावर ओढून ती लिहीत बसे. पुस्तक पुरे झाल्यावरही प्रकाशकाकडे बराच काळ पडून राहिले. त्यामुळे ते लोकांच्या हाती आले तेव्हा युद्ध संपून तीन वर्षे झाली होती. मला हा उशीर महत्त्वाचा वाटतो. पहिल्या वर्षी शोकाला सोबत असते. लोक येतात, जेवण पाठवतात, बसतात. तिसऱ्या वर्षी कुणी येत नाही आणि अजून रडणाऱ्या माणसाकडे लोक किंचित नाराजीने पाहतात. पुस्तक त्या वेळी त्या घरांत पोहोचले.

कादंबरी रोजनिशीच्या रूपात आहे. मेरी कॅबट ही चोवीस वर्षांची तरुणी. तिचा भाऊ रॉय युद्धात गोळी लागून गेला आहे आणि तारेत दोनच शब्द आले आहेत. पहिली नोंद त्यानंतर आठवड्याने, २१ फेब्रुवारीला होते. आईवडील आधीच गेलेले. रॉय एवढेच तिचे जग होते. पुढची काही पाने समाचाराला येणाऱ्यांची आहेत, आणि एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कादंबरीत समाचाराच्या बोलण्याची इतकी निर्दय आणि खरी तपासणी मी क्वचितच वाचली आहे. शेजारणी येतात आणि ही ईश्वराची इच्छा आहे असे सांगतात. डीकन क्वर्क हा चर्चचा कारभारी येतो, बसतो, आणि रॉयने धर्माची रीतसर कबुली दिली होती का, अशी चौकशी करतो. निदान मरताना पश्चात्तापाला थोडा वेळ मिळाला असेल अशी आशा व्यक्त करतो. तो दुष्ट नाही. त्याच्यापाशी याहून वेगळे शब्दच नाहीत. मेरी चर्चला जाणे थांबवते.

मग कॅन्सस राज्यातून विनिफ्रेड मावशी येते. स्वतः विधवा, एका धर्मोपदेशकाची पत्नी, सोबत फेथ नावाची लहान मुलगी. मावशी मेरीला रडू नकोस असे सांगत नाही. रॉय कुठे असेल, काय करत असेल, तुझी आठवण काढत असेल का, हे प्रश्न ती खुले करते आणि बायबलच्याच वचनांचा आधार घेत उत्तरे शोधते. तिच्या स्वर्गात घरे आहेत, डोंगर आहेत, झाडे आहेत, गप्पा आहेत, विनोद आहे. पियानोसाठी झुरणाऱ्या गावातल्या गरीब मुलीला ती सांगते की तिथे तुला पियानो मिळेल. छोट्या फेथला तिथे आल्याची बिस्किटे मिळणार आहेत. टीकाकारांनी नेमकी हीच बिस्किटे आणि हाच पियानो उचलला आणि पुढची दीडशे वर्षे या कादंबरीची ओळख तेवढ्यावर राहिली.

मात्र मावशी काय सांगते ते नीट वाचले पाहिजे. तिथे खरोखर लाकडी पियानो असेल असा तिचा हट्ट नाही. ज्या सुखासाठी ती मुलगी आज पियानो मागते ते सुख तिथे नाकारले जाणार नाही, इतके ती म्हणते. आणि मुलीला कळेल अशा वस्तूच्या नावाने म्हणते. ज्याच्याशी बोलायचे त्याला कळेल अशा शब्दांत बोलावे, ही तिची एकमेव युक्ती आहे. प्रवचनकार डॉ. ब्लँड यांच्याकडे ती नव्हती. त्यांचे स्वर्गावरचे प्रवचन कादंबरीत तपशिलाने येते. विद्वत्तापूर्ण, नेटके आणि कुणाच्याही उपयोगाचे नाही असे. पुढे त्यांची स्वतःची पत्नी भाजून जाते. ज्यांनी इतरांना इतकी वर्षे समजावले ते डॉ. ब्लँड मावशीच्या दारी येतात, आणि ते जुने प्रवचन जाळून टाकतात. फेल्प्सने हा प्रसंग विजयाच्या सुरात लिहिलेला नाही. एका विद्वानाला शोकाने सामान्य वाचकाच्या रांगेत आणून बसवले, इतकेच ती दाखवते.

या कादंबरीविषयी सहसा न बोलली जाणारी गोष्ट अशी की तिच्यात कुणीही स्वर्गात जाऊन आलेले नाही. दृष्टान्त नाही, मृतात्म्यांशी संवाद नाही. १८४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या फॉक्स भगिनींपासून सुरू झालेली प्रेतात्म्यांशी बोलण्याची लाट युद्धकाळात टिपेला होती. मुलगा विली गेल्यावर राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या पत्नीनेही अशा बैठकांचा आधार घेतला होता. फेल्प्स त्या वाटेला जात नाही. तिच्या पुस्तकात आहेत दोन बायका, एक घर, आणि महिनोन् महिने चाललेले बोलणे. स्वर्गाविषयीचे सगळे काही त्या बोलण्यात आहे. शोकात असलेल्या माणसाला गेलेल्याविषयी वर्तमानकाळात बोलू देणारे कुणीतरी समोर बसले आहे, हा खरा प्रसंग आहे. टपालाने मते पाठवणाऱ्यांना हेच सापडले असे मी मानतो. त्यांनी लेखिकेलाच मावशी केले. आपल्या माणसाची हकिकत तिला लिहिली आणि उत्तराची वाट पाहिली. एखाद्या कादंबरीची रीत वाचकांनी इतक्या नेमकेपणाने उचलली तर त्याला गैरसमज कसे म्हणायचे?

या पत्रांचे ओझे वीस-पंचवीस वर्षांच्या लेखिकेवर काय पडले असेल, याचाही विचार व्हायला हवा. पहिल्या काही आठवड्यांत चार हजारांवर प्रती गेल्या आणि प्रकाशक फील्ड्स यांनी सहाशे डॉलरचा धनादेश पाठवला, तेव्हा तिचा त्यावर विश्वास बसेना. शतक संपेपर्यंत अमेरिकेत ऐंशी हजार आणि इंग्लंडमध्ये त्याहून जास्त प्रती खपल्या. फ्रेंच, जर्मन, डच, इटालियन अनुवाद झाले. बाजारही मागे राहिला नाही. ‘गेट्स अजार’ नावाच्या कॉलरी निघाल्या, सिगार निघाले, आणि अर्धवट उघडलेल्या दारांच्या आकाराची फुलांची सजावट अंत्यविधीत इतकी रुळली की पुस्तक न वाचलेलेही ती मागवू लागले. या सगळ्यात तिला स्वतःला महत्त्वाची वाटली ती अनोळखी हातांची पत्रे. त्यांचा मान राखण्यासाठी तिने पुढे ‘बियाँड द गेट्स’ (१८८३) आणि ‘द गेट्स बिट्वीन’ (१८८७) लिहिल्या. त्यांत मात्र ती वाचकाला थेट पलीकडे घेऊन गेली, आणि माझ्या मते तिथेच काहीतरी हरवले. पलीकडचे जग डोळ्यांना दिसू लागल्यावर बोलणाऱ्या दोघींची गरज उरली नाही.

छापील मतांकडेही न्यायाने पाहायला हवे. धर्मपंडितांची भीती खोटी नव्हती. स्वर्ग घरासारखा झाला की ईश्वर त्यात पाहुण्यासारखा उरतो, हा त्यांचा आक्षेप कादंबरी वाचताना आजही जाणवतो. मावशी ख्रिस्ताचे नाव वारंवार घेते, तरी मेरीला भेटायचे आहे ते रॉयला. मात्र या आक्षेपाला त्यांनी जो सूर लावला तो डीकन क्वर्कचा होता. पुस्तकात ज्या बोलण्यावर टीका होती, त्याच बोलण्यात त्यांनी पुस्तकावर टीका केली. कादंबरी आपल्या वडिलांना, म्हणजे त्याच विद्यालयातल्या प्राध्यापकाला अर्पण केलेली आहे, याकडेही त्यांचे लक्ष गेले नाही.

मार्क ट्वेनचे मत वेगळ्या जातीचे. ‘कॅप्टन स्टॉर्मफील्ड’ या त्याच्या कथेत एक जुना नावाडी कप्तान स्वर्गात पोहोचतो, पंख आणि वीणा घेऊन ढगावर बसतो, कंटाळतो आणि ते सामान टाकून देतो. ही कथा ट्वेनने कित्येक वर्षे पेटीत ठेवली. तिचा भाग छापून आला तो १९०७-०८ मध्ये. ती आपण ‘द गेट्स अजार’ची टर उडवण्यासाठी लिहिली असे त्याने सांगितले, कारण फेल्प्सचा स्वर्ग त्याला फार छोटा, एखाद्या लहानशा राज्याएवढा वाटला. त्याच्या स्वर्गात सगळ्या ग्रहांवरचे, सगळ्या काळांतले लोक आहेत, आणि अमेरिकेतला गोरा माणूस त्या गर्दीत शोधावा लागतो. हा आक्षेप जोरकस आहे. तरीही पंख आणि वीणा टाकून देणारा कप्तान आणि वीणेच्या स्वर्गाला नकार देणारी मावशी एकाच जुन्या चित्राविरुद्ध उभे आहेत. ट्वेनने चेष्टेसाठी जी वाट धरली ती फेल्प्सने आधी शोकातून काढली होती.

ट्वेनच्या आक्षेपाची दुसरी बाजू मला अधिक बोचते. युद्ध गुलामगिरीच्या प्रश्नावरून झाले. उत्तरेच्या सैन्यात सुमारे एक लाख ऐंशी हजार कृष्णवर्णीय सैनिक लढले. त्यांची सर्वांत प्रसिद्ध पलटण, चोपन्नावी, मॅसॅच्युसेट्स राज्यातच उभी राहिली. कादंबरीत याचा जवळजवळ मागमूस नाही. मेरीच्या स्वर्गात रॉय आहे, मावशीचा नवरा आहे, पियानोवाली मुलगी आहे; ज्यांच्या मुक्तीसाठी रॉय गेला असे म्हणता येईल ती माणसे नाहीत. फेल्प्सला समाजाची जाण नव्हती म्हणावे तर तसेही नाही. त्याच १८६८ साली तिने लॉरेन्स गावची पेम्बर्टन गिरणी कोसळून मेलेल्या कामगारांवर ‘द टेन्थ ऑफ जानेवारी’ ही कथा लिहिली, आणि १८७१ मध्ये ‘द सायलेंट पार्टनर’ ही गिरणीकामगार स्त्रियांची कादंबरी. म्हणून हे मौन अधिक खटकते. शोक माणसाला आपल्या घरापुरता आंधळा करतो, आणि पुस्तक त्या आंधळेपणातून पुरते बाहेर येत नाही.

अशा कादंबऱ्यांचा प्रवाह पुढे आटला नाही. २००३ मध्ये आलेली मिच अल्बम यांची ‘द फाइव्ह पीपल यू मीट इन हेवन’ आपल्याकडेही अनेकांनी वाचली आहे. तिच्यातला एडी हा समुद्रकिनाऱ्यावरच्या जत्रेतले पाळणे दुरुस्त करणारा म्हातारा त्र्याऐंशीव्या वाढदिवशी मरतो आणि स्वर्गात पाच जणांना भेटतो. त्यांपैकी काही जण त्याला जिवंतपणी अनोळखी होते. फेल्प्सची मेरी विचारते, माझे माणूस मला परत भेटेल का? अल्बमचा एडी विचारतो, माझ्या जगण्याला काही अर्थ होता का? शतकभरात प्रश्न गेलेल्यावरून स्वतःवर आला. अल्बमविषयी वाचकांची मते ऐकताना हा फरक ध्यानात ठेवला तर ‘रडवणारे पुस्तक’ किंवा ‘गोडमिट्ट पुस्तक’ या दोन शेऱ्यांच्या पलीकडे काही बोलता येते. ज्याला पहिला प्रश्न पडला आहे त्याला दुसऱ्या प्रश्नाचे पुस्तक दिले तर त्याचे समाधान होत नाही, आणि त्यात दोष दोघांचाही नसतो.

‘द गेट्स अजार’ आता कुणाच्याही मालकीची नाही. कोणालाही ती मोकळेपणाने मिळते. इंग्रजी जुने असले तरी अवघड नाही. पहिल्यांदा वाचणाऱ्याने डीकन क्वर्कच्या भेटीपर्यंतची पाने सावकाश वाचावीत. मधली चर्चा कुठेकुठे लांबते, बायबलची वचने एकावर एक येतात, तिथे वेग वाढवला तरी चालेल. शेवट मात्र वगळू नये. विनिफ्रेड मावशीला स्तनाचा कर्करोग झालेला असतो. तिने तो मेरीपासून लपवलेला असतो, आणि कादंबरी तिच्या मृत्यूकडे जाते. जिने धीर दिला तीच जाते, लहानगी फेथ मेरीच्या पदरात राहते, आणि समाचाराला लोक पुन्हा येणार असतात. मावशी जे बोलली ते तिच्याशिवाय टिकते का, हे फेल्प्सने याच पानांत तपासून पाहिले आहे. पत्र लिहिणाऱ्या बायकांनी पुस्तकावर विश्वास ठेवला तो ही पाने वाचून, असे मला वाटते.